कॅलिफोर्नियात टिफिन पोचवणारा ड्रायव्हर कॉन्ट्रॅक्टर म्हणून ठेवता येतो का?

बहुतेक नाही, घरोघरी डबे पोचवणं हाच तुमचा धंदा असेल तर ड्रायव्हर तुमचा कर्मचारीच धरला जाईल, मग करारात काहीही लिहा आणि वर्षअखेरीस 1099 फॉर्म (कॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या पैशांचा कर-फॉर्म) द्या. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या एबी 5 या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एखाद्याला कॉन्ट्रॅक्टर धरण्यासाठी तीन अटी आहेत: कामावर तुमचं नियंत्रण नको, काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं हवं, आणि त्या माणसाचा स्वतःचा तसाच व्यवसाय हवा. तिन्ही सिद्ध करायची जबाबदारी तुमची. डबेवाले अडकतात ते दुसऱ्या अटीवर. ही कसोटी आलीच मुळी डायनामेक्स या कुरिअर कंपनीच्या 2018 च्या खटल्यातून: गाडी ड्रायव्हरची, पेट्रोल ड्रायव्हरचं, अंगात शर्ट मात्र कंपनीचा! कर्मचारी म्हटलं की किमान वेतन, ओव्हरटाइम, अपघात विमा, गाडीखर्चाची भरपाई, सगळं आलं. "मग उबर, डोअरडॅशवाले कसे सुटले?" त्यांच्यासाठी 2020 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 22 हा कायदा थेट मतदानातून मंजूर केला, ती सवलत ॲपवरून काम घेणाऱ्या ड्रायव्हरांपुरती आहे. मात्र डिलिव्हरीचं काम दुसऱ्या स्वतंत्र कंपनीला दिलंत, तर कायद्यातल्या धंदा-ते-धंदा सवलतीत बसू शकाल. तिच्या अटींची यादी लांबलचक आहे, वकिलाला दाखवूनच सही करा.