जुनी पेट्रोल पिकअप काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडलंय. इंजेक्टर बदलू का?

थांबा, इंजेक्टरवर लगेच पैसे घालू नका. गोव्याहून बेळगावला येताना चोर्ला घाटात धूर आणि पेट्रोलचा वास येतो म्हणताय, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय. स्पार्क प्लग काढून बघा. टोकाला कोरडी काजळी असेल तर खात्रीच.

मग पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची बारीक व्हॅक्यूम नळी काढा. नळीत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरमधला पडदा फाटलाय, रेग्युलेटर बदला.

नळी कोरडी असेल तर माझा संशय इंजिनच्या कूलंटचं तापमान मोजणाऱ्या कूलंट टेम्परेचर सेन्सरवर. तो बिघडला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, इंजिन थंडच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. सेन्सरला मल्टिमीटर लावून रोध मोजा: बहुतेक सेन्सर २० अंशाला २,५०० ओहमच्या आसपास, ८० अंशाला ३०० च्या आसपास दाखवतात. तापलेल्या इंजिनवरही आकडा हजारांतच राहिला तर सेन्सर गेला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर त्यानंतर तपासा.