दशक्रियेच्या प्रवचनात यमदूत सांगताना

राम कृष्ण हरी बाळा,

तुझं टिपण व्हॉट्सअॅपवर मिळालं, सगळं नीट वाचलं. पहिलंच दशक्रियेचं प्रवचन म्हणून एवढी मेहनत घेतलीस, छान वाटलं बघ. पण सुरुवातीचं ते रौरव, कुंभीपाक हे नरक, उकळतं तेल, दूतांचे चाबूक, ते सगळंच्या सगळं काढून टाक. यूट्यूबवर त्याला लाइक मिळत असतील, घाटावर ते चालत नाही. तुझ्यासमोर कोण बसणार आहे त्याचा आधी विचार कर. दहा दिवसांपूर्वी ज्याचा बाप गेला तो पोरगा डोकं भादरून, ओल्या पंच्यावर खाली बसलेला असतो, पलीकडे त्याची आई पदर तोंडाशी धरून, आणि तू माईकवरून सांगणार की गेलेल्या माणसाला आत्ता दूत फरफटत नेतायत? ती माऊली रात्री झोपेल का?

गरुडपुराण सोडून दे असं मी म्हणत नाहीये, उलट नीट वाच म्हणतोय. त्यातल्या प्रेतखंडात पिंडांचा हिशोब दिलाय तो सांग, पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं तयार होतं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, मग पाठ, नाभी असं करत नवव्याला पाय आणि दहाव्याला भूक-तहान. म्हणजे ज्या दिवशी तू बोलायला उभा राहणार त्याच दिवशी त्या जिवाला भूक लागते आणि समोर पोरगा भाताचे पिंड घेऊन बसलेला असतो. एवढं जरी नीट सांगितलंस ना तरी त्या पोराला कळेल की आपण हे का करतोय, नाहीतर बहुतेक जण भटजी सांगतात म्हणून पाणी सोडत असतात. पुढे तेराव्या दिवशी दूत त्याला घेऊन निघतात, यमपुरी ८६,००० योजनं (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप) लांब, रोजची चाल २४७ योजनं. भागून बघ, साधारण ३४८ दिवस होतात, त्यात आधीचे तेरा धरले की वर्षाला आलंच. वाटेत सोळा गावं लागतात आणि मासिक श्राद्धाचं अन्न त्याला तिथे पोचतं असं मानलंय. म्हणजे वर्षभर घरचे त्याची शिदोरी पुरवत असतात. मला या सगळ्या पुराणात हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

कावळ्याची गोष्ट तुझ्या टिपणात नव्हती, ती घाल. रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला, देव घाबरून पशुपक्ष्यांच्या रूपात लपले, इंद्र मोर झाला, वरुण हंस झाला आणि यम झाला कावळा. संकट टळल्यावर यमाने कावळ्याला वर दिला की माझ्या राज्यात जे भुकेले असतील ते तू जेवलास की तृप्त होतील. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत लोक ताटकळतात, कुणी म्हणतं इच्छा राहिली असेल, कुणी काय बोलून जातं, तेव्हा ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता अजामेळ, भागवतातला तो वाट चुकलेला ब्राह्मण. तो तू घेतलास पण अर्धाच घेतलास, सगळे तिथेच थांबतात. मरणाच्या वेळी तीन यमदूत आले, वाकड्या तोंडाचे, अंगावरचे केस उभे, हातात पाश, त्याने भीतीने धाकट्या पोराला हाक मारली, नारायणा, आणि विष्णुदूत धावले, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं बघ ना. विष्णुदूत त्यांना आधी विचारतात, तुम्ही धर्मराजाचे सेवक ना, मग धर्म म्हणजे काय ते सांगा. आणि यमदूत नीट उत्तर देतात, साक्षीदार कोण कोण तेही सांगतात, सूर्य, अग्नी, आकाश, वारा, चंद्र, दिवस, दिशा, पाणी, पृथ्वी. हे राक्षस नाहीयेत रे, नेमून दिलेलं काम चोख करणारे सेवक आहेत. हात हलवत परत गेल्यावर ते थेट यमालाच विचारतात की या जगात शासन करणारे आहेत तरी किती? आणि यम त्यांच्यावर भडकत नाही, माझ्याही वर एक आहे म्हणून समजावून सांगतो. भागवताच्या सहाव्या स्कंधातला तिसरा अध्याय, तो वाचल्याशिवाय उभा राहू नकोस. आणि हो, अजामेळ त्या क्षणी वैकुंठाला गेला नाही, तो वाचला, पस्तावला, घर सोडून हरिद्वारला गेला, भक्ती केली आणि मग गेला. हे गाळलं की लोकांना वाटतं शेवटी एकदा नाव घेतलं की झालं.

एक गोष्ट मात्र कायम पाळ. कुणाच्याही मरणाचा संबंध पापाशी जोडायचा नाही, अॅक्सिडेंट असो, आत्महत्या असो, काहीही असो. घरातलं लहान लेकरू गेलं असेल तर मांडव्य ऋषींची कथा घे. लहानपणी गवताच्या काडीने किडे टोचले म्हणून त्यांना मोठेपणी सुळाची शिक्षा मिळाली, तर त्यांनी यमधर्मालाच जाब विचारला, त्याला माणसाच्या जन्माला जा म्हणून शाप दिला, तोच विदुर, आणि नियम घातला की चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरायचं नाही. महाभारतात आदिपर्वात आहे. लेकरू गमावलेल्या आईबापाला हे ऐकायची फार गरज असते.

सावित्रीची कथा वेळ उरला तर घे. सगळे तिची हुशारी सांगतात, तू तिने यमाला विचारलेला हा प्रश्न सांग, न्यायला तुमचे दूत येतात म्हणे, मग आज तुम्ही स्वतः कसे? यम म्हणतो, सत्यवान एवढा गुणी की माझ्या माणसांनी त्याला न्यावं हे बरं नाही, म्हणून मीच आलो.

पिंड मांडायला घेतले की तू थांब, वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. सुधारलेलं टिपण शनिवारच्या आत पाठव, अजामेळाचा भाग ऑडिओवर बोलून पाठवलास तर जास्त बरं, मी ऐकून सांगतो.