ओव्यात फिनॉल, फिनाईलमध्ये फिनॉल आणि भुलीच्या इंजेक्शनातही फिनॉल, हे कसं?

तुम्ही विचारलंय की आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, भूल द्यायला प्रोपोफॉल वापरणार आहेत आणि ते फिनॉलच्या जातीचं औषध आहे असं वाचून तुमची झोप उडाली आहे. फिनॉल म्हणजे संडास धुवायचं फिनाईलच ना, आणि ओव्यातही तेच असतं म्हणतात, मग एकच वस्तू जंतू मारते, कातडी जाळते, पोट बरं करते आणि माणसाला झोपवते हे खरं कसं मानायचं, असा तुमचा प्रश्न.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम केलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईला कुठलं औषध द्यायचं हे भूलतज्ज्ञच ठरवतील. पण फिनॉल मी रोज हाताळलंय, त्याचा डागही मनगटावर आहे, म्हणून लिहायला बसले.

बडोद्यात फिनॉलची बाटली बघून ऋतू ओळखता येतो. शुद्ध फिनॉल ४०.५ अंशांना वितळतं. डिसेंबरात ते बाटलीत पांढऱ्या खड्यांसारखं घट्ट बसलेलं असायचं, काढायचं तर बाटली कोमट पाण्यात ठेवायची. मे महिन्याच्या दुपारी कपाट उघडलं की तेच तेलासारखं हलत असायचं. हवा लागली की हळूहळू गुलाबी होत जायचं. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाटलीतून नमुना ओतताना एक ओघळ माझ्या हातमोज्याच्या कडेवरून आत गेला. हातमोजे जुने होते, नवे मागून महिना झाला होता, मिळाले नव्हते. मला काहीच दुखलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मोजा काढला तेव्हा मनगटावर चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा पट्टा दिसला. आमच्या वरिष्ठांनी पळत जाऊन भिंतीवरची पॉलिथिलीन ग्लायकॉलची बाटली आणली, त्यात बोळा भिजवून पुन्हा पुन्हा पुसलं, मग हात नळाच्या जोरदार धारेखाली धरून ठेवला. ते म्हणाले, "ॲसिडनं भाजलं तर माणूस ओरडतो, बेटा. हे भाजतं आणि दुखू देत नाही, म्हणून याची भीती जास्त धरायची."

तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा त्या पांढऱ्या पट्ट्यात आहे. फिनॉल म्हणजे सहा कार्बनांचं बेंझीनचं वलय आणि त्याला चिकटलेला एक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट, बस. वलयाला चरबी आवडते, ओएचला पाणी. त्यामुळे हा छोटा रेणू पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतो (लिटरमध्ये ऐंशी ग्रॅमच्या वर) आणि चरबीतही शिरतो. कातडी, जंतूचं आवरण, मज्जातंतूचं वेष्टण, सगळीकडे चरबीचा पातळ पडदा असतो आणि याला तो सहज ओलांडता येतो. जंतूचा पडदा फाटला की आतले क्षार बाहेर गळतात आणि प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात. तेच माझ्या कातडीचं झालं. मज्जातंतूवर ते बसलं, म्हणून जागा बधिर झाली. कातडीतून पुरेसं आत गेलं तर हृदय आणि मेंदूपर्यंत पोचतं आणि माणूस दगावतो. म्हणून शुद्ध फिनॉलबद्दल तुम्हाला वाटते ती भीती अगदी बरोबर आहे.

याच गुणावर जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जननं शस्त्रक्रियेचा चेहरा बदलला. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८३४ मध्ये कोळशाच्या डांबरातून हे वेगळं काढलं होतं. तेव्हा त्याला कार्बोलिक ॲसिड म्हणत. लिस्टरनं वाचलं की कार्लाइल गावात सांडपाण्याचा घाण वास मारायला ते वापरतात. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या इस्पितळात गाडीचं चाक पायावरून गेलेला एक अकरा वर्षांचा मुलगा आला, हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. त्या काळी अशा जखमेचा शेवट बहुतेक वेळा पाय कापण्यात किंवा मरणात होई. लिस्टरनं कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली आणि पाय वाचला. सर्जनांचे हात मात्र कार्बोलिकनं सोलवटून निघत.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी एकाच ध्यासात घालवली: वलयाला काय लटकवलं, आणि कुठे, तर जंतू जास्त मरतील आणि माणूस कमी भाजेल? एक मिथाइल (एका कार्बनाचा छोटा फाटा) जोडला की क्रेसॉल. काळ्या फिनाईलमध्ये याच डांबरी भावंडांचं मिश्रण साबणात कालवलेलं असतं, म्हणून पाण्यात टाकलं की दूध होतं. बाटलीवर 'आर. डब्ल्यू. सी.' असा आकडा दिसेल. ते रिडील आणि वॉकर यांचं १९०३ चं माप: टायफॉइडच्या जंतूला मारण्यात हे द्रावण फिनॉलच्या किती पट आहे. क्लोरीन आणि दोन मिथाइल जोडले की डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल. (पांढरं फिनाईल बहुतेक वेळा पाइनच्या तेलाचं असतं, त्याचा या कुळाशी फारसा संबंध नाही. नावामुळे लोक फसतात.)

घरात मांजर असेल तर एक सांगते. काळं फिनाईल तिच्या वावरात वापरू नका. आपलं यकृत फिनॉलला साखरेचा एक तुकडा जोडतं आणि लघवीतून बाहेर पाठवतं. मांजरात ती सोय अगदी दुबळी असते. पंजे चाटून चाटून ती आजारी पडते. आमच्या वाड्यातल्या दोन मांजरी मी अशा जाताना पाहिल्यात, आणि कारण मला तेव्हा माहीत नव्हतं याची रुखरुख अजून आहे.

आता ओवा. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, अनेकदा तेलाच्या निम्म्याच्या आसपास. मांडवीकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात 'अजमाना फूल' मागितलंत तर मिळतात ते खडे म्हणजे हेच. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एका बाटलीत ठेवलं की तिन्ही घट्ट पदार्थ आपसूक पातळ होतात, ती आपली अमृतधारा. थायमॉल फिनॉलच्याच कुळातलं आहे, पण ओएचच्या शेजारी तीन कार्बनांचा फाटा आणि दूरच्या अंगाला एक मिथाइल. त्यामुळे ते चरबीकडे जास्त झुकतं, पाण्यात लिटरला जेमतेम एक ग्रॅम विरघळतं. लवंगेतलं युजेनॉलही याच घरातलं. दात दुखला की लवंगतेलाचा बोळा ठेवतो, तेव्हा माझ्या मनगटावर झालं तेच, फक्त सौम्यपणे, होत असतं. मत्स्यशास्त्रात तर मासे तपासताना त्यांना बेशुद्ध करायला लवंगतेल वापरतात. चिमूटभर ओव्यानं माणूस झोपत नाही, कारण मात्रा थोडी असते आणि पोटातून जाताना यकृत बरंचसं आधीच निकामी करतं. खडे किंवा शुद्ध तेल मात्र पोटात घेऊ नये, आणि लहान मुलाला तर नाहीच.

आणि आता आईचं औषध. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत १९७० नंतरच्या वर्षांत रॉजर जेम्स आणि जॉन ग्लेन अल्काइल फिनॉल तपासत होते. ग्लेन मूळचे पशुवैद्य. जंतू मारण्याचा विषय त्यांनी बाजूला ठेवला होता. साध्या फिनॉलना फाटे जोडत जायचं, उंदरांना शिरेतून द्यायचं, किती लवकर झोपतात, किती लवकर आणि किती स्वच्छ उठतात ते लिहायचं. १९८० मध्ये त्यांनी हे काम छापलं. त्यात दिसलं की दोन गोष्टींचा मेळ लागतो: रेणूला चरबी किती आवडते, आणि ओएचच्या दोन्ही बाजूंना किती गर्दी आहे. ओएच उघडा असेल तर चुरचुर आणि जळजळ. फार झाकला तर भूल येत नाही. दोन्ही खांद्यांवर तीन-तीन कार्बनांचा फाटा, ओव्यात एका खांद्यावर असतो तसाच, ही जागा नेमकी बसली. हेच प्रोपोफॉल. हा शोध मला लिस्टरच्या शोधाइतकाच मोठा वाटतो, आणि आपल्याकडे तो कुणाला माहीतही नसतो याचं वाईट वाटतं. ग्लेनना २०१८ मध्ये वैद्यकातला मोठा मानला जाणारा लास्कर पुरस्कार मिळाला.

अडचण पुढेच होती. ते पाण्यात विरघळेना, लिटरला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपासच. आधी क्रेमोफोर नावाच्या तेलकट साबणात मिसळलं, तर काही रुग्णांना त्याचीच तीव्र ॲलर्जी झाली. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांचं दूध करून त्यात घातलं आणि १९८६ मध्ये ते बाजारात आलं. म्हणून इंजेक्शन दुधासारखं पांढरं दिसतं. काळ्या फिनाईलचं पाणीही पांढरं होतं, पण तिथे साबण आहे आणि इथे शिरेत चालेल असं स्निग्ध दूध.

ते मेंदूत गाबा नावाच्या निरोप्याच्या कुलपावर बसतं आणि पेशींना शांत करणारा दरवाजा जास्त वेळ उघडा ठेवतं. पडदे फाडणं, प्रथिनं थिजवणं यासाठी लागते तितकी मात्रा तिथे पोचतच नाही. भूल चढायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. एकदाच दिलं तर औषध मेंदूतून निघून स्नायू-चरबीत पसरतं आणि काही मिनिटांत माणूस जागा होतो. बाकीचं यकृत त्याच जुन्या रीतीनं, साखरेचा तुकडा जोडून, लघवीतून काढतं. त्याचा खरा धोका वेगळाच आहे: श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. म्हणूनच ते भूलतज्ज्ञाच्या नजरेसमोर, प्राणवायू आणि मॉनिटर लावूनच देतात.

ऑपरेशनपूर्व तपासणीत आईचं नेमकं वजन, चालू गोळ्या, रक्तदाब आणि आधी कधी भूल दिली असेल तर तेव्हा काय झालं, हे सगळं लिहून न्या. अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर तीही लपवू नका. बहुतेक वेळा त्यानं अडत नाही, पण ते त्यांना ठरवू द्या. आणि आईला आधीच सांगून ठेवा की औषध हातात जाताना शीर थोडी चुरचुरेल. तेलातून सुटून पाण्यात उतरलेलं जरासं प्रोपोफॉल शिरेला झोंबतं. डॉक्टर बहुधा आधी थोडं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) देतील. झोंबलंच तर दचकायचं नाही, तोवर डोळा लागलेला असेल.