चारशे पार्टांचं किट घेण्याआधी

ताई, लेक नववीत आहे, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं म्हणते, बजेट ३००० रुपये, ऑनलाइन चारशे पार्टांचं किट दिसतंय आणि तिचा मामा म्हणतो थेट आर्डुइनोच (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) घेऊन टाका. तुमचा प्रश्न एवढाच ना? मी सांगेन, आत्ता दोन्ही नको.

किटमधले निम्मे सेन्सर डबीतून बाहेरही येत नाहीत. शिवाय त्यात सगळ्यात रद्दी निघतात त्या नेमक्या रोज लागणाऱ्या वस्तू: ब्रेडबोर्ड (पार्ट नुसते खोचून सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड) आणि वायरी. माझ्या भाचीचे दोन दिवस असेच गेले. सर्किट बरोबर, आयसी (पाय असलेली काळी चिप) बरोबर, पण उजवीकडचा एकही एलईडी पेटेना. "मामा, मला हे जमणार नाही," म्हणून रडकुंडीला आली. मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, बोर्डाच्या कडेने जाणारी लाल पट्टी मधोमध तुटक होती. काही मोठे ब्रेडबोर्ड मुळात तसेच बनवलेले असतात, लाल रेघ जिथे खंडित दिसते तिथे आतली पट्टीही खंडित. छोट्या वायरने दोन तुकडे जोडले आणि काम झालं. मोठ्या माणसाला बोर्डाचा संशय येतो, चौदा वर्षांच्या पोरीला स्वतःचा येतो. म्हणून पैसे आधी इथे घाला.

ब्रेडबोर्ड ८३० भोकांचा, जरा बरा बघून एकच घ्या. दुकानातच वायर खोचून बघायची, सैल लागली तर दुसरा मागायचा. जम्पर वायरींचा रंगीत जुडगा स्वस्त असतो, पण त्या आतून तुटतात आणि वरून धडधाकट दिसतात. त्यापेक्षा इंटरनेटवाल्याकडून लॅन केबलचा मीटरभर तुकडा मागा. आत आठ रंगीत वायरी निघतात. फक्त एकतारी केबल बघून घ्या, बारीक तारांची वेणी असलेली भोकात शिरत नाही. सोबत एक छोटा कटर आणि चिमट्यासारखी पक्कड.

मीटर साधा डिजिटल चालेल, पण कंटिन्युइटीला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली आहेत का हे बघताना, बीप वाजलाच पाहिजे. तिला पहिल्याच दिवशी एक सांगा: लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीचा व्होल्टेज बघायचा नाही. तो थेट शॉर्ट होतो.

पॉवरसाठी होल्डरमध्ये चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी महाग पडते आणि लवकर बसते. घरच्या २३० व्होल्टला पहिलं वर्षभर हात नाही, त्यावर चर्चाही नाही.

आता आयसी. चिठ्ठीवर "सीडी" ही अक्षरं आवर्जून लिहा: सीडी ४०११ (नँड गेट, दोन्ही इनपुट चालू असतील तेव्हाच आउटपुट बंद करणारं) आणि सीडी ४०१७ (दहापर्यंत ठोके मोजणारी). नुसतं "नँड गेट द्या" म्हटलं की दुकानदार ७४ सिरीजमधली काढून देईल. ७४एलएस जातीच्या आयसीला काटेकोर ५ व्होल्ट लागतात, तुमचे चार नवे सेल तिला जास्त होतील. सीडी ४००० ची मंडळी ३ पासून १५ व्होल्टपर्यंत कुरकुर करत नाहीत. जोडीला ५५५. ही टायमर आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि अजूनही किरकोळ पैशात मिळते. प्रत्येकी दोन-तीन घ्या, एखादी उलटी लागून जळणारच. जळू द्या, रागावू नका.

बाकी ४७० ओहम, १के, १०के, ६८के रेझिस्टर, १ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, '१०४' छापलेले (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे) सिरॅमिक कपॅसिटर, वीसेक लाल एलईडी, चार पुश बटणं. बस. पुणं जवळ असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, लेकीला सोबत न्या आणि चिठ्ठी तिलाच वाचू द्या. तुम्ही मागे उभ्या राहा.

पहिलं सर्किट: ५५५ ला १०के, ६८के आणि १० मायक्रोफॅरड लावले की साधारण सेकंदाला एक ठोका मिळतो. तो ४०१७ च्या १४ नंबरच्या पायाला द्यायचा. दहा आउटपुटना दहा एलईडी. एका वेळी एकच पेटतो, म्हणून सगळ्यांच्या मायनसला मिळून एकच ४७० ओहम पुरतो. उजेड पळताना दिसला की पोरगी दोन तास जागची हलणार नाही. मग तिला १५ नंबरचा पाय (मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा) ग्राउंडवरून, म्हणजे बॅटरीच्या मायनसवरून, काढून मोकळा ठेवायला सांगा आणि त्याच्याजवळ नुसतं बोट न्यायला. एलईडी भूत लागल्यासारखे वागायला लागतील. सीमॉसचा (म्हणजे या सीडी ४००० जातीच्या आयसीचा) इनपुट लोंबकळत ठेवायचा नसतो, हे पुस्तकात दहादा वाचून जे डोक्यात बसत नाही ते असं बसतं.

सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून पार्ट कायमचे जोडणं, दोन-तीन महिन्यांनी. २५ वॉटची इस्त्री पुरते (आमच्याकडे तिला इस्त्रीच म्हणतात), खिडकी उघडी आणि नंतर हात साबणाने. सोल्डरमध्ये शिसं असतं.

मामाचा आर्डुइनो वाईट नाही, फक्त घाई आहे. तिथे दिवा लागला नाही तर चूक वायरीत की प्रोग्रॅममध्ये, हे नवख्याला उमगत नाही. वायरीवर हात बसला की दिवाळीला घ्या.

आणि एक. ५५५ काढून त्या जागी ती कधीतरी बटण लावेल, १४ नंबरला १०के ग्राउंडला देऊन. एकदा दाबलं की दिवा कधी एक घर पुढे जाईल, कधी तीन. बटणाची पत्री दाबताना थरथरते आणि ४०१७ प्रत्येक थरथर मोजते. त्या १०के ला समांतर १ मायक्रोफॅरड लावला की बहुतेक वेळा थांबतं. कपॅसिटर डबीत आहेच, पण हे तिला निदान दोन दिवस सांगू नका.