एका घराचे सहा डॉलर, एका फेरीचे सत्तर मैल

फ्रिस्को, टेक्ससहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. 2020च्या अखेरीपासून त्या मोबाइल नोटरी म्हणून, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन सह्या प्रमाणित करण्याचं, काम करतात. 2021मध्ये महिन्याला 35 लोन साइनिंग (गृहकर्जाच्या कागदांवर सह्या घेणं) व्हायची, आता 11वर आली आहेत. एका साइनिंगमागे सरासरी 100 डॉलर सुटतात. एका कंपनीने फील्ड इन्स्पेक्शनचं, म्हणजे बँकांसाठी घरं बघून फोटो पाठवण्याचं, काम देऊ केलं आहे: महिन्याला 80 घरं, घरामागे 6 डॉलर. साइनिंगची घट या कामाने भरून निघेल, असा त्यांचा विचार आहे. 2014ची जुनी गाडी एवढं फिरणं झेपवेल का या काळजीने 18,000 डॉलरचं कर्ज काढून सेकंडहँड गाडी घ्यावी का, असं त्यांनी विचारलं आहे. यजमानांची नोकरी स्थिर, ग्रीन कार्ड हातात, पाच महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला.

ताई, गाडी घेऊ नका. इन्स्पेक्शनचं काम मात्र सरसकट नाकारू नका. कोणतं घ्यायचं, ते सांगते.

तुमचा मूळ विचार बरोबर आहे. जानेवारी 2021मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता, ऑक्टोबर 2023मध्ये तो 7.79वर गेला. रिफायनान्स (जुनं कर्ज फेडून कमी दराचं नवं घेणं) आटलं आणि त्याबरोबर तुमची साइनिंगही आटली, यात तुमच्या कामाचा काही दोष नाही. याउलट लोकांचे हप्ते थकायला लागले की बँकांना घरात कोणी राहतंय का हे बघायला माणूस लागतो. म्हणजे एक धंदा मंदावतो तेव्हा दुसरा चालू शकतो. जोड म्हणून कल्पना चांगली आहे.

अडचण हिशेबात आहे. कंपनी पैसे देते घरामागे, तुमचा खर्च होतो मैलामागे. तुम्ही पाठवलेली पहिल्या आठवड्याची यादी मी नकाशावर मांडून पाहिली. 20 घरं, काही मॅकिनीत, काही डेंटनच्या पलीकडे, दोन पार शर्मनला. दोन फेऱ्या केल्या तर 140 मैल होतात. महिन्याचे झाले 560 मैल, आणि मिळकत 480 डॉलर.

आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, धंद्याच्या प्रवासाचा 2025चा दर मैलाला 70 सेंट होता. त्या दराने खर्च 392 डॉलर, हातात 88. तुमची गाडी जुनी, तिची किंमत आधीच उतरलेली, म्हणून मी पेट्रोल, टायर, ऑइल, दुरुस्ती मिळून 45 सेंटच धरते. तरी 252 गेले, 228 उरले. एका फेरीला चार तास, घरी येऊन फोटो चढवणं आणि फॉर्म भरणं यात आणखी एक, असे आठ फेऱ्यांचे 40 तास. तासाला पावणेसहा डॉलरही पडत नाहीत. टेक्ससमध्ये किमान वेतन सव्वासात डॉलर आहे. आणि पाच वर्षांच्या मुदतीने, 9 टक्क्यांनी 18,000चं कर्ज काढलंत तर हप्ता बसेल 374. ज्या कामातून सव्वादोनशे उरतात, त्याच्यासाठी पावणेचारशेचा हप्ता डोक्यावर घ्यायचा नाही.

आता हेच काम दुसऱ्या बाजूने बघा. तुम्ही साइनिंगला मॅकिनीला निघालाच आहात आणि वाटेवर दोन मैलांच्या वळणावर एक घर आहे. खर्च 90 सेंट, वेळ पंधरा मिनिटं, हातात पाच डॉलर. महिन्याला अशी 20-25 घरं मिळाली तर सव्वाशे डॉलरपर्यंत सुटतील आणि गाडीलाही त्रास नाही. कंपनीला स्पष्ट विचारा, ठरावीक झिप कोडमधलीच घरं द्याल का, आणि न घेतलेल्या घरांबद्दल दंड आहे का. "सगळं किंवा काहीच नाही" असं म्हणाले तर नमस्कार करा. विमा कंपन्यांची आणि दुकानांची पाहणी घरांपेक्षा बरे पैसे देते, तीही विचारून ठेवा.

एका क्लायंटबरोबर मी एक दुपार या कामाला गेले होते. आधी कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीचा फोटो, मग घराचा नंबर, मग समोरून पूर्ण घर. गवत वाढलंय का, मीटर चालू आहे का, दारात पार्सलं साचलीत का. तिसऱ्या घरी खिडकीचा पडदा हलला आणि आतून एक लहान मूल आमच्याकडे बघत राहिलं. दाराला कार्ड अडकवताना तिचा हात थरथरला. ज्यांचे हप्ते थकलेत ती माणसं आधीच घाबरलेली असतात आणि त्यांच्या अंगणात अनोळखी बाईने फोटो काढणं टेक्ससमध्ये नेहमीच सुरक्षित नसतं. म्हणून दार वाजवायची कामं घेऊ नका, फक्त रस्त्यावरून बघायची घ्या. अंधार पडायच्या आत घरी या. आणि यादीत आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाचा पत्ता आला तर ऑर्डर त्याच मिनिटाला परत करा, घरीसुद्धा बोलू नका.

तुमचा एरर्स अँड ओमिशन्स विमा नोटरीच्या चुकांपुरता असतो, इन्स्पेक्शनला तो उपयोगी नाही. गाडीच्या विमा एजंटला ईमेलने विचारा, धंद्यासाठी फिरताना अपघात झाला तर भरपाई मिळेल का. उत्तर लेखी घ्या. नोटरीच्या फीवर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्यावरचा कर) लागत नाही, इन्स्पेक्शनच्या नफ्यावर 15.3 टक्के लागतो. त्यामुळे प्रवासाचा खर्च नफ्यातून वजा करता यावा म्हणून मैलांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, ठिकाण, कारण, मैल. (एच-वन-बीवर असलेल्या वाचकांनी हे वाचून असा जोडधंदा सुरू करू नये, तुमचा व्हिसा धोक्यात येईल.)

वाचलेल्या तासांसाठी माझ्या मनात एक काम आहे. पुण्या-मुंबईतला फ्लॅट विकायचा म्हणून आपल्याकडच्या किती कुटुंबांना पॉवर ऑफ अॅटर्नी लागते! वयस्कर आईवडील इकडे आलेले असतात, गाडी चालवत नाहीत. टेक्ससमध्ये पहिल्या सहीचे जास्तीत जास्त 10 डॉलर घेता येतात, येण्याजाण्याचे पैसे आधी ठरवून वेगळे लिहा. मसुदा त्यांनी भारतातल्या वकिलाकडूनच आणावा. त्यात काय लिहायचं हे तुम्ही सांगायचं नाही, तो कायद्याचा सल्ला होतो. कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, हेही त्यांना वकिलाकडूनच कळू द्या.

तीन महिने फक्त वाटेवरची घरं घ्या आणि मग मैलांची वही मला पाठवा. गाडीचा विषय तेव्हा पुन्हा काढू.