कुत्रीची पहिली वीण: मे महिना टाळाच

भाऊ, लॅब्राडोर मादीला मार्चमध्ये नर दाखवू नका. गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणजे वीण ऐन मे महिन्यात येते. तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकतो, आणि कूलरचा झोत पिल्लांवर सोडताही येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना 29 ते 32 अंश पुरतात; पत्र्याच्या शेडखाली ती सुकतात.

नर दाखवण्याआधी नर-मादी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे, तोही वयाची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर. नर लंगडत नाही एवढ्यावर विसंबू नका. खुब्याचा दोष धडधाकट दिसणाऱ्या बापाकडूनही उतरतो.

गाभणपणी कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची आपल्याकडे भारी हौस. बाहेरून मिळत राहिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला आळसावतं. मग दूध उतरल्यावर कुत्री थरथरते, झटके येतात.

58व्या दिवसापासून रोज दोनदा थर्मामीटर गुदद्वारात लावा. अंगाचं तापमान 99 फॅरनहाइटखाली गेलं की बहुधा 24 तासांत विते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर लगेच डॉक्टर. रात्री सिझेरियन कोण करतं, ते आधीच विचारून ठेवा. तालुक्याला मिळेलच असं नाही.