वाचकांचे प्रश्न : परवडणारे भाड्याचे घर शोधताना

प्रश्न : नोकरीनिमित्त मला लवकरच एका मोठ्या शहरात राहायला जायचे आहे आणि एका शयनगृहाचे घर भाड्याने हवे आहे. कार्यालयाजवळ घर घेतले तर जवळजवळ निम्मा पगार भाड्यात जातो. शहराच्या टोकाला तेवढेच घर एक-तृतीयांश पगारात मिळते, पण रोज प्रवासात दोन तास जास्त मोडतील. मध्यंतरी कार्यालयाच्या परिसरातच निम्म्या भाड्याची एक जाहिरात पाहिली. मालक परदेशात आहेत आणि टोकन भरल्यावर किल्ली कुरिअरने पाठवू, असे म्हणतात. काय करावे?

उत्तर : जाहिरातीतल्या घराचा निर्णय सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी घेऊ : टोकन भरू नका. मालक दूर, भाडे आसपासच्या दरापेक्षा फारच कमी, आणि घर पाहण्याआधी पैशांची घाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या की बहुधा फसवणूकच असते. जाहिरातीतली छायाचित्रे इंटरनेटवर प्रतिमाशोधात टाकून पाहिली, तर तीच खोली दुसऱ्या एखाद्या शहरातल्या जाहिरातीतही सापडू शकते. घर आतून पाहिल्याशिवाय आणि भाड्याने देणाऱ्याचे ओळखपत्र व मालकीची कागदपत्रे ताडून पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

आता जवळ की दूर हा प्रश्न. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडे परवडते, असे सर्रास सांगितले जाते. हा आकडा अमेरिकेतल्या सार्वजनिक गृहवसाहतींच्या नियमांतून रूढ झाला. तिथे भाड्याची मर्यादा १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्के होती आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के करण्यात आली. अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आखलेला तो सरकारी नियम आपल्या पगाराला जसाच्या तसा लावण्यात फारसा अर्थ नाही. त्याऐवजी भाडे, मेंटेनन्स, वीज-पाणी आणि प्रवासखर्च यांची मासिक बेरीज करून दोन्ही घरांच्या बेरजा शेजारी ठेवाव्यात. दलाली द्यावी लागणार असेल तर तीही धरावी. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली वर्षभरावर विभागली, तर दरमहा भाड्यात ८ टक्क्यांहून अधिक भर पडते. शिवाय रोजचे दोन तास म्हणजे कामाच्या २२ दिवसांत ४४ तास होतात, म्हणजे महिन्यातला जवळजवळ एक आठवडा कार्यालयात बिनपगारी बसण्यासारखेच.

तरीही निम्मा पगार भाड्यात घालवावा, असे मी सुचवणार नाही. या दोन टोकांच्या मधले पर्याय लोक पुरेसे शोधत नाहीत, असे माझे मत आहे. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता दारापासून दारापर्यंतच्या मिनिटांत मोजावे. थेट गाडी मिळणारा दूरचा भाग, दोनदा गाडी बदलावी लागणाऱ्या जवळच्या भागापेक्षा पुष्कळदा सोयीचा ठरतो. जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींतले वरचे मजलेही पाहावेत. जिने चढण्याची तयारी असेल तर तिथे भाड्यात घासाघीस करायला वाव असतो.

घर पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी. क्षेत्रफळाचा आकडा चटईक्षेत्राचा आहे की भिंती आणि जिन्याचा हिस्सा धरून फुगवलेला, हे विचारून घ्यावे, आणि पलंग मांडल्यावर कपाटाचे दार पुरते उघडेल का, हे जागेवरच मोजावे. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर पाहावा. भिंतीचा खालचा हातभर पट्टाच नव्याने रंगवलेला दिसला तर तिथे ओल असण्याची शक्यता असते. एकदा रात्रीही चक्कर मारावी, कारण गोंगाट, अंधार आणि वाहनतळाचे भांडण दुपारी दिसत नाही. पाणी किती वेळ येते, हे मात्र मालकाऐवजी शेजाऱ्यांना विचारलेले बरे.

भाडेकरार लेखीच हवा. भाडेवाढ किती व केव्हा, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, मुदतीआधी सोडल्यास काय, दुरुस्ती कोणाकडे आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे सारे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. वाद बहुतेकदा अनामत रकमेवरूनच होतात. म्हणून ताबा घेताना प्रत्येक खोलीची, भेगा-डागांसकट, छायाचित्रे काढून वीजमीटरच्या आकड्यासह त्याच दिवशी मालकांना लेखी पाठवावीत आणि त्यांची पोच जपून ठेवावी.